भिंतीवरील मळाचे दहा तुकडे मिळण्याबाबत

विषय : जुन्या पंपघराच्या दगडी भिंतींवरील मळाचे नखाएवढे दहा तुकडे काढून घेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदार मुलीचा अर्ज, आवक क्रमांक चारशे बारा.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की... काय सादर करणार, डोंबल! नाही, खरं सांगा, 'मळ' हा शब्द ऐकून हसलात की नाही? हसलात. मला इथून दिसलं. हसा हो, सगळेच हसतात. वारसा खात्यातले साहेब हसले, पर्यावरण खात्यातले हसले, शिपाई तर इतका हसला की त्याच्या हातातली फाइल खाली पडली, ती त्याने उचलून भलत्याच कपाटात ठेवली आणि ती सापडायला अकरा दिवस गेले. पण जिचा जीव त्या मळात अडकलाय ती पोरगी काही हसत नाही. ती आमची भाची. सख्खी. धाकट्या बहिणीची एकुलती एक.

तुम्हाला सांगतो, आमची ही बहीण म्हणजे स्वच्छतेचा कडेलोट! घरातली पितळेची मूठ तिने घासून घासून अर्धी केलीय, आता दार उघडायला चिमटा लागतो. पाहुणा खुर्चीतून उठायच्या आत त्याच्या मागून फडकं फिरतं. आणि तिच्या पोटी ही! मला म्हणते, "दादा, वीस वर्षं मी हिच्या कानामागचा मळ काढला, आणि आता ही मळावर डॉक्टर होणार! लोक विचारतात रे, मुलगी काय करते म्हणून. काय सांगू?"

"संशोधन करते म्हणून सांग."

"कशावर म्हणून विचारतात ना!"

"जुन्या इमारतींवर."

"इमारतींवर नाही ना रे! इमारतींवर असतं तर काय हवं होतं! इमारतींवरच्या घाणीवर!"

आता बहिणीचं चुकलं म्हणाल, तर नाही. आईच्या जागी आई बरोबर. पोरीचं चुकलं म्हणाल, तर तेही नाही. माझं ऐका, या सगळ्या प्रकरणात गंमत हीच आहे, की चूक कोणाचीच नाही.

पोरीने मला एकदा समजावलं होतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन पाव घेतले, एकावर एक ठेवले, मधे जॅम लावला आणि म्हणाली, "मामा, हा तुम्ही म्हणता तो मळ." मी हातातला घास खाली ठेवला. ती म्हणाली, "तसं नाही हो. बघा, पंपघर बांधलं एकशे चाळीस वर्षांपूर्वी. तेव्हा आतलं इंजिन कोळशावर चालायचं, त्याचा धूर भिंतीवर बसला, तो सगळ्यात खालचा थर. मग घराघरांत रॉकेलच्या चुली आल्या, त्यांचा थर. मग समोरून मोठा रस्ता गेला, ट्रक सुरू झाले, त्यांचा थर. पलीकडे विटांची भट्टी होती, तिची एक तांबूस रेघ. आणि एक वर्ष सगळी वाहतूक बंद होती ना, त्या वर्षाची रेघ केसासारखी बारीक. माणसाने हवेचं काय काय केलं ते त्या भिंतीवर ओळीने लिहून ठेवलंय मामा, तारीखवार. कोणी खाडाखोड केलेली नाही."

तारीखवार आणि खाडाखोड नाही! तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं कारकुनी केली, अशी एकही नोंदवही माझ्या पाहण्यात आली नव्हती. मी त्या क्षणी त्या मळाच्या प्रेमात पडलो.

तर तिला हवं होतं काय? नखाएवढे दहा तुकडे. ते एका यंत्रात घालायचे. ते यंत्र प्रत्येक थराचं वय सांगतं. असं यंत्र एकच, आणि त्याच्यासाठी रांग दीड वर्षाची. रांगेत उभं राहून राहून हिचा नंबर लागला, फक्त दोन दिवस, महिन्याची अठरा आणि एकोणीस. त्या दोन दिवसांत तुकडे यंत्रात गेले तर प्रबंध पुरा. नाही गेले तर पुन्हा दीड वर्ष रांगेत, आणि शिष्यवृत्तीचं उरलंय एक वर्ष. म्हणजे हिशेब तुम्हीच करा... नको, करू नका, मी करून बघितलाय, झोप लागत नाही. आणि प्रयोगशाळेची माणसं तशी भली. म्हणाली, परवानगीचं पत्र नंतर दिलंत तरी चालेल, निदान अर्ज केल्याचा नंबर असू द्या, म्हणजे आम्ही तुकडे ठेवून घेतो. आणखी काय हवं? सव्वा महिना हातात होता. तीन कार्यालयं एकाच इमारतीत होती. मला वाटलं, झालं काम!

ती इमारत सहा मजली आहे आणि लिफ्ट पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर थांबते. वारसा खातं दुसऱ्यावर, पर्यावरण खातं चौथ्यावर. का विचारू नका. पोरगी आधी दुसऱ्यावर गेली. वारसासाहेब मोठे सज्जन. खुर्ची दिली, पाणी मागवलं, अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "हे पाहा बाई, भिंत आमची. शंभर वर्षं उलटून गेलेला प्रत्येक दगड आमचा. त्याला तुम्ही टाचणी लावली तरी मला चालायचं नाही. पण मळ आमचा नाही. मूळ नकाशा मी स्वतः पाहिलाय. बांधणाऱ्याने त्यात मळ दाखवलेला नाही."

"पण सर, मळ भिंतीवरच आहे ना?"

"असेल. तुम्हीसुद्धा आमच्या खुर्चीवर आहात. म्हणून तुम्ही आमच्या खात्याच्या झालात का?"

ती जिना चढून चौथ्यावर. पर्यावरणवाले साहेब तरणे, उत्साही, टेबलावर कुंडी. म्हणाले, "धूर ना? धूर आमचाच! हवेत तरंगतो तोवर त्याची संपूर्ण जबाबदारी आमची. पण एकदा का तो कुठे बसला, की आमचा-त्याचा संबंध सुटला. तुम्ही असं करा, तो पुन्हा हवेत उडवून दाखवा, मी उभ्या उभ्या सही करतो."

आणि हे ते थट्टेत म्हणाले नाहीत बरं का! मनापासून म्हणाले! वर पोरीला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि सुचवलं, "मळ म्हणताय ना तुम्ही, मग तळमजल्यावर स्वच्छता खातं आहे, तिथे विचारा की."

तळमजल्यावर आवक खिडकीत एक बाई बसतात. सगळे त्यांना आवकबाई म्हणतात. शिक्का मारायच्या आधी शिक्क्याकडे अशा मायेने बघतात की बस्स. त्या म्हणाल्या, "मळ? अगं मळ आमचाच! जगातला सगळा मळ आमचा! पण आम्ही तो काढतो. बघायला द्यायची सोय नाही."

"बाई, मीही काढायलाच मागतेय. दहा तुकडे."

"दहा? काढायचा तर सगळा. अर्धवट काम आमचं खातं करत नाही."

बघा, नियमाने बघाल तर तिघंही बरोबर. भिंत यांची, धूर त्यांचा, मळ हिचा, मधल्या मधे पोरगी कोणाचीच नाही, आणि चूक कोणाचीच नाही!

पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. आता इथे मी आलो. म्हणजे यायला नको होतं, हे आता कळतंय, पण निवृत्त माणसाला कोणी कामासाठी बोलावलं की त्याचा ऊर कसा भरून येतो ते तुम्हाला निवृत्त झाल्यावर कळेल. मी चष्मा पुसला. कागद घेतला, चार बोटं समास सोडला आणि असा अर्ज लिहिला, असा लिहिला म्हणता, की पोरगी वाचून म्हणाली, "मामा, यात मी कुठे आहे?" मी म्हटलं, "तू 'अधोस्वाक्षरीकर्ती' आहेस. गप्प बस आणि सही कर."

आम्ही दोघं तळमजल्यावर गेलो. खिडकीत आवकबाई. मी अर्ज पुढे केला. त्यांनी समासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. जातिवंत माणूस जातिवंत माणसाला ओळखतो. म्हणाल्या, "काका, अर्ज बावनकशी आहे. पण परवानगीच्या अर्जांची नोंदवही भरली. नवी छापून यायचीय. दीड महिना तरी लागेल."

दीड महिना! आणि ते फाइल शोधण्याचे अकरा दिवस गेल्यावर आमच्या हातात महिनासुद्धा नाही! पोरीने माझा दंड घट्ट धरला. मी म्हटलं, "बाई, दुसरी कुठली वही नाही का?"

"तक्रारींची आहे. तीत भरपूर पानं आहेत. तीत घेऊ? आजच्या आज नंबर पडेल."

तुम्हाला सांगतो, नंबर हा शब्द ऐकला आणि माझं भान गेलं. ज्या कागदाला नंबर नाही तो कागद जन्मलाच नाही, हे मी छत्तीस वर्षं जगलोय. वही कुठली का असेना, नंबर महत्त्वाचा! नंबर पडला की कागद चालायला लागतो! पोरगी कुजबुजली, "मामा, पण आपली तक्रार नाहीये..." मी म्हटलं, "अगं वेडे, तुला काय कळतं? हे सगळं नावापुरतं असतं. घ्या बाई, घ्या!" आवकबाईंनी शिक्का मारला. चारशे बारा! काय सुंदर उमटला होता... कडा न कडा स्पष्ट. प्रयोगशाळेला नंबर कळवला. मी पोरीला कॉफी पाजली आणि वर दोन तास व्याख्यान दिलं, कार्यालयात काम कसं करून घ्यावं या विषयावर. ऐकून घेतलं हो बिचारीने.

आता मला एक सांगा. परवानगीच्या अर्जाला मुदत नाही. तो पडून राहू शकतो, मुरू शकतो, वारसांकडे जाऊ शकतो. पण तक्रारीला? तक्रारीला सात दिवसांची मुदत! तक्रार सात दिवसांत निकाली निघाली नाही तर साहेबाला वर उत्तर द्यावं लागतं! हे मला माहीत नव्हतं का? होतं! अहो, तो नियम आमच्या कार्यालयात आला तेव्हा त्याचं परिपत्रक माझ्याच हाताने टाइप झालं होतं! पण नंबर पडल्याच्या आनंदात...

चार दिवसांनी पोरीचा फोन. आवाज एकदम शांत. "मामा, भिंत गोरी झाली."

"म्हणजे?"

"या तुम्ही."

रिक्षाने गेलो. पंपघर माझ्या ओळखीचं. काळंकुट्ट, ठेंगणं, कोपऱ्यात अंग चोरून उभं असायचं. बघतो तर काय, तीन भिंती लख्ख! पिवळसर दगड उन्हात असा चमकतोय की येणारे-जाणारे थांबून बघतायत. कोणी म्हणतंय, "वा, खात्याने काम केलं हो!" कोणी त्यापुढे उभं राहून फोटो काढतंय. एकशे चाळीस वर्षं कोणाला त्या भिंतीची आठवण झाली नव्हती, आणि आमचा अर्ज चार दिवसांत निकाली! माझ्या अख्ख्या नोकरीत इतकं झटपट काम मी पाहिलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

समोर एक माणूस, अंगात रबरी कोट, हातात पाण्याचा जबरदस्त फवारा. त्या फवारेवाल्याला पोरीने विचारलं, "दादा, मळ कुठे गेला?"

"गटारात, ताई."

"सगळा?"

"थोडा खाली साठलाय. हवाय का? किती पाहिजे? गोणीभर देऊ?"

आणि खरोखर त्या भल्या माणसाने गोणी भरून दिली! पोरीने ती घेतली, घरी नेली, आणि आमच्या बहिणीने दार उघडून गोणीत डोकावलं... तो प्रसंग मी सांगत नाही. सगळे थर एकमेकांत कालवलेले. कोळसा, रॉकेल, ट्रक, वीटभट्टी, सगळ्यांचा एकच रगडा. पोरगी म्हणाली, "मामा, वही मागितली होती, लगदा मिळाला." आणि त्याच दिवशी टपालाने पत्र, बघा, शब्द न् शब्द पाठ आहे : "आपल्या तक्रारीची तत्परतेने दखल घेऊन सदर मळाचे निर्मूलन करण्यात आले आहे. मागील भिंतीपुढे कचऱ्याचा मोठा डबा असल्याने शिडी लावता आली नाही. तो हलवून उर्वरित काम गुरुवारी पूर्ण करण्यात येईल. झालेल्या विलंबाबद्दल क्षमस्व."

क्षमस्व! चार दिवसांच्या विलंबाबद्दल! नाही, तुम्ही सांगा, अशा खात्याला नावं कशी ठेवायची? त्यांनी काम केलं. बाईंनी वहीत घेतलं. मी नंबर मिळवून दिला. चूक कोणाचीच नाही.

म्हणजे मागची भिंत उरली होती आणि हातात दोन दिवस होते. आम्ही धावत तळमजल्यावर. आवकबाई म्हणाल्या, "आता काय?" पोरगी म्हणाली, "बाई, काम थांबवा. मला भिंत साफ नकोय."

"तूच तक्रार केलीस ना?"

"ती तक्रार नव्हती, परवानगीचा अर्ज होता."

बाईंनी वही उघडून तिच्यापुढे धरली. "हे काय? तक्रार नोंदवही, क्रमांक चारशे बारा. खाली सही कोणाची?"

"माझी. मग मी ती मागे घेते."

"तीन भिंती झाल्यावर? पाऊण निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही. राहिलेली पाव मागे घ्यायची तर आधीच्या पाऊण भिंती होत्या तशा करून द्याव्या लागतील."

"मग या साफसफाईविरुद्ध तक्रार घ्या."

"स्वतःच्या तक्रारीविरुद्ध तक्रार? अगं, चाललंय काय तुझं?" आणि मग बाई जरा मऊ झाल्या. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "काका, मुलीची तब्येत बरी आहे ना? अभ्यासाचा ताण आलाय का?"

गुरुवार उजाडला. सकाळी आठला आम्ही मामा-भाची मागच्या भिंतीपुढे हजर. कचऱ्याचा डबा हलवलेला. भिंत जशीच्या तशी, काळी, जाड, सुंदर... हो, सुंदरच म्हणतो मी, माणसाने मळाला सुंदर म्हणायची पाळी यावी, आली! फवारेवाला आला. आम्हाला बघून म्हणाला, "ताई, आज पण गोणी?"

पोरीने त्याला सगळं सांगितलं. थर, यंत्र, अठरा-एकोणीस, सगळं. आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या मजल्याला जे कळलं नाही, चौथ्याला कळलं नाही, ते त्या माणसाला उभ्या उभ्या कळलं. भिंतीच्या जवळ गेला, पोपडा उचकटलेली एक कड होती, तिच्याकडे एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "आयला, खरंच की! रेघा आहेत!" मग म्हणाला, "काम थांबवणं माझ्या हातात नाही, ताई. पण एक चौकोन तर आम्ही सोडतोच."

"कसला चौकोन?"

"दोन बाय दोन फुटांचा. नियमच आहे. साहेब बघायला येणार, त्यांना 'आधी' आणि 'नंतर' दाखवायला 'आधी' नको का? पुढच्या भिंतींवर सोडायचा राहिला, म्हणून मागे सोडायला सांगितलंय. सांगा, कुठला सोडू?"

काय सांगू तुम्हाला! पोरीचा चेहरा! ती भिंतीवरून हात फिरवत या टोकाकडून त्या टोकाकडे गेली, परत आली, वाकली, चवड्यांवर उभी राहिली. लग्नाच्या साडीला कोणी इतका वेळ लावत नाही. शेवटी वळचणीखाली, पावसाचं पाणी पोचत नाही अशा जागी बोट ठेवलं. त्याने खडूने चौकोन आखला आणि म्हणाला, "हा तुमचा. आता माझं ऐका. साहेब दुपारी येतील. तोवर तुमचे दहा तुकडे काढून घ्या. दोन फुटांतून नखाएवढे दहा गेले तर कोणाच्या बापाला कळतंय?"

पोरीच्या पिशवीत छोटी छिन्नी होती. डब्या होत्या, दहा, प्रत्येकीवर चिठ्ठी लावलेली. अर्जाला नंबर होता, प्रयोगशाळा तुकडे घेणार होती. तिने छिन्नी बाहेर काढली आणि माझ्याकडे बघितलं. "मामा, काढू?"

आणि मी... मी म्हणालो, "कागदाशिवाय नको."

अहो, तोंडातून निघून गेलं! छत्तीस वर्षांची सवय हो! वर आणखी म्हणालो, "आता चौकोन सुरक्षित आहे. साहेब बघून जाऊ देत, रीतसर पत्र मिळेल, रीतसर काढू. घाई कशाला? अजून तीन आठवडे आहेत." तिने एकदा चौकोनाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. छिन्नी पिशवीत ठेवली. मामाचं ऐकायची सवय. तिचीही सवयच.

दुपारी साहेब आले. 'आधी' बघितलं, 'नंतर' बघितलं, खूश झाले. इतके खूश झाले की म्हणाले, हा चौकोन म्हणजे आपल्या कामाचा पुरावा, काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळेपर्यंत याला कोणाचा हात लागता कामा नये. लगेच चौकोनाभोवती पांढऱ्या रंगाची चौकट, समोर साखळी, एक पहारेकरी आणि वर पाटी : "हा मळ शासकीय पुरावा आहे. हात लावू नये. खरवडल्यास कारवाई होईल. तक्रारदार :" आणि पुढे आमच्या पोरीचं पूर्ण नाव! आता त्यातला कणभर जरी कमी झाला तर पहिला संशय कोणावर? जिच्यासाठी मळ राखला तिच्यावरच!

बरं, आता मळाला तरी कोणी वाली मिळाला म्हणावं, तर त्याला हात लावायचा अर्ज वेगळा. तो परवानगीच्या वहीत. ती वही छापायला गेलेली. ती नंतर आली म्हणा, लवकर आली, महिन्याच्या बारा तारखेला. तेरा तारखेला आमचा अर्ज तिच्यात पहिल्या पानावर, पहिला. कोऱ्या वहीत क्रमांक एक! आयुष्यात पहिल्यांदा मला नंबर बघून आनंद झाला नाही.

चौदा, पंधरा, सोळा... सोळा तारखेला मला राहवेना. दुपारी बहीण झोपलेली. मी तिच्या स्वयंपाकघरातून लिंबू कापायची सुरी घेतली, एक काड्यापेटी रिकामी करून खिशात घातली, आणि निघालो. कुठे म्हणजे काय? पंपघरावर! म्हटलं, झालं तेवढं पुरे. कारवाई करतील ना? करू देत. निवृत्त माणसाचं काय वाकडं होणार? निश्चय पक्का. साखळीपाशी पोचलो. पहारेकरी खुर्चीवर. त्याने माझ्याकडे बघितलं, खिशातून डोकावणाऱ्या सुरीच्या मुठीकडे बघितलं आणि उठला. म्हणाला, "काका, रोज ती मुलगी येते. साखळीबाहेर उभी राहते, बघते आणि जाते. बघवत नाही. मी चहाला जातोय. पंधरा मिनिटं लागतात मला चहाला." आणि गेला की हो!

रस्ता मोकळा. ऊन कडक, चिटपाखरू नाही. मी साखळी ओलांडली. सुरी काढली. चौकोनाला टेकवणार, इतक्यात नजर पाटीच्या खालच्या कोपऱ्यात गेली. आणि तिथे, बारीक अक्षरात, जावक क्रमांक होता.

जावक क्रमांक आणि दिनांक. खाली आद्याक्षरांची सही. रीतसर.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? अहो, तुम्हाला नाही कळायचं! जावक क्रमांक पडलेल्या कागदावर सुरी चालवायची? माझ्या हातून? माझा हात तिथल्या तिथे अडकला. मी पंधरा मिनिटं सुरी धरून त्या पाटीपुढे उभा राहिलो. पहारेकरी परत आला, त्याने सुरीकडे बघितलं, चौकोनाकडे बघितलं. म्हणाला, "काका, आणखी एक चहा घेऊन येऊ का?" मी म्हटलं, "नको बाबा, पित्त होईल तुला."

संध्याकाळी पोरीला सगळं सांगितलं. सुरी, काड्यापेटी, पहारेकरी, सगळं. वाटलं, चिडेल. चिडायलाच हवं होतं, वहीसाठी चिडावं, छिन्नीसाठी चिडावं, हक्क होता तिचा. तिने माझ्या हातातून ती सुरी घेतली, धुतली, पुसली, जागच्या जागी ठेवली आणि म्हणाली, "मामा, चूक कोणाचीच नाही."

तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं. मला कोणी ऐकवलं नव्हतं. फार लागतं हो ते.

सतरा तारखेला तिने यंत्राचे दोन दिवस तिच्याबरोबरच्या एका मुलाला देऊन टाकले. तो शिंपल्यांवर काम करतो. शिंपले कोणाच्याच अखत्यारीत येत नाहीत. त्याचं काम झालं. पेढे... नाही, बिस्किटं घेऊन आला होता घरी. आमच्या बहिणीला फार आवडला. म्हणाली, "बघ, शिंपले! किती स्वच्छ विषय!"

आणि मग गेल्या आठवड्यात पत्र आलं. म्हणजे स्वच्छता खातं झोपलेलं नाही, हे लक्षात घ्या. अर्ज खालून वर गेला, वरून खाली आला, दुसऱ्या मजल्यावर गेला, चौथ्यावर जाऊन आला, आणि मगच पत्र निघालं. भाषा निर्दोष. समास बरोब्बर चार बोटं. मी पोरीला मोठ्याने वाचून दाखवलं : "सदर मळ शंभर वर्षांहून जुना असल्यास तो वारसा म्हणून वारसा खात्याच्या, व त्याहून नवा असल्यास या खात्याच्या अखत्यारीत येतो. सबब अर्ज योग्य त्या खात्याकडे वर्ग करण्यासाठी अर्जदाराने प्रथम मळाचे नेमके वय प्रयोगशाळेच्या दाखल्यासह कळवावे. दाखला प्राप्त होताच तुकडे काढण्यास परवानगी देण्याबाबत सहानुभूतीने विचार करण्यात येईल."

पोरगी आधी हसली. मग थांबली. मग म्हणाली, "मामा, वय काढायलाच तर तुकडे हवेत ना?" मी म्हटलं, "हो गं." ती म्हणाली, "मग उत्तर लिहा." मी लिहिलं. या वेळी तिने सांगितलं तसं, साध्या शब्दांत, तिच्या नावाने, 'मी' असं म्हणून. समास सोडायचा राहिला.

उत्तर सोमवारी खिडकीत दिलं. पोच मिळाली. ते मूळ अर्जाला जोडण्यात आलं आहे. यंत्राच्या रांगेत पोरीचा नंबर एकशे सातवा आहे. शिष्यवृत्तीचे दहा महिने उरले आहेत. काम पूर्ण झाल्याचा दाखला अजून निघालेला नाही, त्यामुळे साखळी तशीच आहे.

अर्ज प्रलंबित आहे.